डावीकडची जागा

१ ऑगस्ट, गुरुवार
सोनपेठ

आज हजर झाले. रजेचे अर्ज, वैद्यकीय मंडळाचा दाखला, बदलीचा आदेश असा सगळा संसार पिशवीत घालून नव्या शाळेत गेले. आठ महिन्यांनी खडू हातात घेतला की रडू येईल असं वाटलं होतं. आली ती शिंक. खडूची पूड नाकात गेली की मला पहिल्यापासून शिंका येतात, म्हणजे तेवढा मेंदू तरी शाबूत आहे.

ही रोजनिशी मी हौसेनं लिहीत नाही. परभणीच्या फिजिओ सरांनी लिहायला लावली आहे. डिसेंबरात गंगाखेड रोडवर गतिरोधकावरून माझ्या नवऱ्याची, केयूरची गाडी उडाली, मी मागच्या मागे पडले, डोकं उजव्या बाजूला फुटलं आणि आतली रक्ताची गाठ काढावी लागली. हातपाय चालतात. बोलणंही चालतं, आमच्या मामंजींच्या मते पूर्वीपेक्षा जास्तच चालतं. हरवली ती फक्त डावी बाजू. डोळे उत्तम आहेत, पण डावीकडे काही असतं हेच मुळी डोक्यात येत नाही. ताटातली भाजी, आमटी मी चाटूनपुसून खाते आणि मग विचारते, आज चटणी केली नाही का? चटणी, कोशिंबीर, लिंबू सगळं डावीकडे जसंच्या तसं असतं. मुलांत कधी डावं-उजवं करायचं नाही असं मी आयुष्यभर सांगत आले, आता माझा मेंदूच करतो.

म्हणून नियम. डाव्या मनगटावर लाल दोरा बांधला आहे, तो दिसेपर्यंत मान वळवायची. कुठूनही निघताना पूर्ण डावीकडे वळून मोठ्यानं विचारायचं, काही राहिलं का? आणि गोंधळ उडाला तर जागच्या जागी बसून आधी लिहायचं, मग उठायचं. लिहिलं की मन ताळ्यावर येतं असं सरांचं म्हणणं.

आणि सगळ्यात मोठा नियम माझ्या लेकीचा. रेवा दुसरीत आहे, माझ्याच शाळेत घातली. तिनं कायम माझ्या उजवीकडेच राहायचं आणि पायात पैंजण घालायचे, म्हणजे दिसली नाही तरी ऐकू येईल. जेवताना ती दोन्ही तळव्यांत माझी हनुवटी धरते आणि अलगद डावीकडे वळवते. आई, चटणी, म्हणते. मग मी चटणी खाते.

शाळा वस्तीवर आहे, सोनपेठपासून ऑटोनं जावं लागतं. दोन खोल्या, दोन शिक्षक. तिसरी-चौथी भागवत सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. वस्ती बहुतेक शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांची. मुलं लाजरी पण गोड आहेत. सुटताना मी नियमाप्रमाणे डावीकडे वळले आणि विचारलं, कोणी राहिलं का? चला. दारातली पोरं एकदम थबकली आणि माझ्याकडे बघत राहिली. नव्या बाई, दुसरं काय.

३ ऑगस्ट, शनिवार

सकाळची शाळा. छान गेली.

या शाळेची एक गंमत मला फार आवडली. सुटल्याची घंटाच नाही. वेळ झाली की पोरं दप्तरं उचलतात आणि तोंडातून चकार शब्द न काढता बाहेर पडतात. एरवी शाळा सुटणं म्हणजे कोंडवाड्याचं दार उघडणं. शिस्त कुणी लावली विचारलं तर भागवत सर म्हणाले की पहिल्यापासूनची पद्धत आहे. ते त्यांचा वर्ग सोडून गाडी पुसत उभे राहतात, माझी खोली मी बंद करते.

माझ्या खुर्चीवरून पाहिलं की मुलगे उजवीकडे आणि मुली डावीकडे. कुणी असं बसवलं देव जाणे, पण माझ्या बाबतीत दुष्काळात तेरावा महिना. दर थोड्या वेळानं लाल दोरा शोधत मान वळवायची, तेव्हा कुठे शीला, दैवशाला आणि बाकीच्या मुली जगात येतात. कोपऱ्यापर्यंत मान पोचायच्या आत आदिनाथ आणि बबलूची मारामारी लागते.

८ ऑगस्ट, गुरुवार

खिचडी शिजवणाऱ्या बायनाबाई शाळेच्या मागेच राहतात. आज भांडी घासता घासता त्यांनी माझं कौतुक केलं. म्हणाल्या, बाई तुमी लय धीराच्या. आधीच्या मॅडमचं ध्यान सारखं तिकडंच जायचं, लय बेजार झाल्या अन् बदली करून गेल्या. तुमी तर तिकडं बघत बी न्हाई.

डोक्याला मार लागूनही मी इकडेतिकडे लक्ष न देता शिकवते असं त्यांना म्हणायचं असेल, असं मी धरलं आणि फुशारले. परभणीला केयूरला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, कोणीतरी तुझं कौतुक केलं म्हणजे गाव चांगलं आहे.

सुटताना रोजच्यासारखं डावीकडे वळून विचारलं, कोणी राहिलं का? चला. सवय चांगली लागते आहे.

२० ऑगस्ट, मंगळवार

रेवाला मैत्रीण मिळाली. नाव काय, तर सांगत नाही. कुठे बसते, तर कोपऱ्यात, पत्र्याच्या पेटीजवळ. तिनं रेवाला विचारलं म्हणे, तुझी आई सगळ्यांना बघते, मला का बघत नाही? रेवानं सांगितलं की आईला डावीकडचं कळत नाही, तू उजवीकडे ये म्हणजे दिसशील. किती शहाणी माझी लेक. मला जरा लाजच वाटली. एखादं लाजरं पोर वर्गात बसतं आणि बाईंना त्याचा पत्ता नाही.

म्हणून आज वर्गात जाहीर करून टाकलं. ज्या मुलीकडे माझं लक्ष जात नाही तिनं खुशाल माझ्या उजवीकडे येऊन उभं राहावं, मी रागावणार नाही.

कुणीच उठलं नाही. दैवशाला रडायला लागली. पोट दुखतंय म्हणाली, घरी पाठवली.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज शिक्षकदिन. चौथीची मुलं गुरुजी झाली आणि मी पोरांत, फळ्याकडे तोंड करून बसले. जग उलटं झालं. रोजची माझी डावी बाजू आज उजवीकडे आली आणि तो कोपरा मला पहिल्यांदा न वळता दिसला.

पत्र्याची पेटी. तिच्यामागे थोडी जागा. मुलींची ओळ त्या जागेच्या बरीच अलीकडे संपलेली. मध्ये एक छोटं बस्कर अंथरलेलं, रिकामं. आणि जेवणाच्या वेळी बायनाबाईंनी खिचडीची पहिली ताटली वाढली ती कुणा मुलाला नाही, त्या बस्करापुढे ठेवली. तिकडे न बघता ठेवली आणि मागे फिरल्या. सगळी पोरं ताटल्यांत माना घालून बसली होती.

मी विचारलं हे कुणाचं. बायनाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. तुमाला मालूम न्हाई? एवढंच म्हणाल्या.

भागवत सरांनी सांगितलं. व्हरांड्यात, माझ्याकडे न बघता. बरीच वर्षं झाली. वस्तीवरच्या एका मेंढपाळाची मुलगी, दुसरीतली. दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी ती पेटीमागे झोपून गेली. गुरुजींना गावी जायची घाई, त्यांनी पोरं बाहेर काढली, नजर फिरवली आणि कुलूप लावलं. त्या कोपऱ्याकडे नजर गेली नाही. तिचा बाप मेंढ्या घेऊन नदीकडे होता, आई दुसरीकडे मजुरीला. बापाला वाटलं आईजवळ आहे, आईला वाटलं बापाजवळ. सुट्टी संपल्यावर शाळा उघडली.

सर पुढे म्हणाले की तिला कोणी चल म्हटलं नाही म्हणून ती वाट बघते, असं लोक मानतात. जो चल म्हणेल त्याच्यामागे ती निघते. म्हणून सुटताना इथे कोणी बोलत नाही. त्यांचा स्वतःचा अर्धा विश्वास, पण पाळायला काय जातं.

मी सांगितलं की मी रोज म्हणत आले. पहिल्या दिवसापासून, डावीकडे वळून. सरांनी रुमाल काढला, तोंड पुसलं. मग म्हणाले, मॅडम, आता म्हणू नका.

बायनाबाई जाताना एकच वाक्य बोलल्या. ती जागा रिकामी ऱ्हात न्हाई बाई. एक भाईर आली तर एक आत लागंल.

१८ सप्टेंबर, बुधवार

मी शिकलेली बाई आहे. एका पोराचा जीव एका माणसाच्या घाईनं गेला, ते पाप गावाला सोसवेना, म्हणून ताटली आणि बस्कर. मला हे कळतं. सात वर्षांचं लेकरू, दाराला हात मारून मारून थकलं असेल.

हे कळूनही आज असं झालं.

खोली बंद केली, तोंडातून शब्द काढला नाही. रेवा उजवीकडे, तिचा हात माझ्या उजव्या हातात. फाटकापर्यंत गेलो आणि माझ्या लक्षात आलं की डावा हातही कोणीतरी धरला आहे. छोटी बोटं. गार, हौदाच्या पाण्यात बुडवल्यासारखी. मी मान वळवली, लाल दोरा दिसला, हात दिसला. हातात काही नव्हतं. पण पकड सुटली ती फाटकाबाहेर पाय टाकल्यावर.

फिजिओ सरांना फोन केला. ते म्हणाले की अशा रुग्णांना हरवलेल्या बाजूला कोणी असल्याचा भास होतो, दमलात की जास्त होतो. मी त्यांना गोष्ट सांगितली नाही. दिवाळीनंतर मंडळापुढे पुन्हा तपासणी आहे. शाळेत भूत आहे असं म्हणणाऱ्या बाईला कोण कामावर ठेवेल? आठ महिने मी अंथरुणावर याच नोकरीचं स्वप्न बघितलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

मधली सुट्टी. मी खुर्चीत, वह्या तपासत होते. रेवा उजवीकडे येऊन उभी राहिली. दोन वेण्या, निळा फ्रॉक, गालावर तीट. मी म्हटलं काय गं, डबा खाल्लास का? ती नुसती हसली.

तेवढ्यात पैंजण वाजले. डावीकडे.

मान वळवली. लांब, पूर्ण, लाल दोऱ्याच्या पलीकडे. मुलींच्या ओळीत रेवा शीलाबरोबर सागरगोटे खेळत होती. आई बघ, म्हणाली.

परत उजवीकडे बघितलं तर कोणी नव्हतं.

मी घाबरल्याचं मुलांना कळू द्यायचं नव्हतं. पाढे म्हणून घेतले. माझा आवाज इतका चढला की भागवत सर दारात येऊन उभे राहिले.

८ ऑक्टोबर, मंगळवार

केयूरला सांगितलं. सगळं नाही, थोडं. रेवाला परभणीला आईकडे ठेवू म्हटलं. तो आधी समजुतीनं बोलला, मग म्हणाला की डॉक्टरांनी आपल्याला आधीच सांगितलं होतं, डोक्याच्या मारानं कधीकधी आपलं माणूस परकं वाटतं, तेच दोनदा दिसतं. सुट्टीपर्यंत कळ काढ. सव्वीसला, शनिवारी शाळा सुटली की रविवारी मी न्यायला येतो, मग बघू. तो भुताला घाबरला नव्हता, मला घाबरला होता.

बायनाबाईंना विचारलं काय करू. त्या म्हणाल्या, आता तिनं तुमाला वळखलंय. एकच करा. कुलूप लावल्यावर आतून हाक आली तर ओ देऊ नका. कुणाच्या बी आवाजात येवो, मागं बघू नका, गुमान निघा. सुट्टीत तर आवाज लय येतात. वस्तीवरचं कुणी तिकडं फिरकत न्हाई.

मी मान डोलावली. पाठ करून ठेवलं. ओ द्यायची नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

रेवा म्हणते मैत्रीण आता बोलत नाही, फक्त बघते. वेणी कशी घालायची ते बघते. मी कशी चालते ते बघते. आईला काय काय आवडतं ते विचारून झालं म्हणे तिचं.

मी ओरडले. त्या कोपऱ्याकडे जायचं नाही, बोलायचं नाही. रेवा रडली. तिनं विचारलं, तिला कोणीच बोलत नाही, मग मी पण नाही बोलायचं का? एरवी मीच तिला हे शिकवलं असतं.

डावी बाजू वाढते आहे. आधी दोरा दिसायचा, आता मनगट शोधावं लागतं. या पानावरही ओळी उजवीकडे सरकल्या आहेत.

२१ ऑक्टोबर, सोमवार

डावा हात पुन्हा. आज वर्गातच, दिवसभर. फळ्यावर लिहिताना, हजेरी घेताना. ओढत नाही. नुसता धरून असतो.

फाटकाशी सुटतो. रोज फाटकाशीच. का सुटतो ते मला कळलं आहे. तिच्या जागी आत कोणी लागलेलं नाही अजून.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दोनदा झालं आज. उजवीकडे रेवा, आणि पैंजण डावीकडे.

दोन दिवस फक्त. शुक्रवार, शनिवार. रजा मागितली, भागवत सर म्हणाले सुट्टीच्या तोंडावर मिळत नाही, आणि त्यांना शनिवारी लवकर गावी जायचं आहे, कुलूप मलाच लावावं लागेल. रेवाला घरी ठेवू तर कुणाजवळ?

हात सोडणार नाही तिचा. शाळा सुटेपर्यंत एक क्षण सोडणार नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सुटलो.

घरी आहोत. ऊन आहे, दार उघडं आहे, शेजारी कोणीतरी चकल्या तळत आहे. लिहिते, म्हणजे ताळ्यावर येईन.

सकाळची शाळा. पणत्या रंगवून घेतल्या. सर लवकर गेले. वेळ झाली, पोरं मुकाट्यानं उठली. पणत्यांचा पसारा आवरायला मी हात मोकळे केले. एवढंच. टेबल पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. उजवीकडे बघितलं, रेवा उभी होती, तिनं आपणहून हात पुढे केला. धरला. बाहेर आले, कुलूप लावलं.

आणि आतून हाक आली. आई.

रेवाच्या आवाजात. हुबेहूब. आई, मी राहिले.

मी ओ दिली नाही. रेवाचा हात घट्ट धरला, ती माझ्याकडे बघून हसली. आत दारावर हात आपटायला लागले, आई, आई. मी मागे बघितलं नाही. बायनाबाईंनी सांगितल्याप्रमाणे अक्षरशः सगळं केलं. फाटक ओलांडलं. आज डाव्या हातात कोणी नव्हतं. ऑटोत बसून मी रेवाला छातीशी धरून रडले.

जिंकले. उद्या केयूर येतो. मंडळाला तोंड देईन, बदली मागेन. आता लेकीला जेवायला घालते.

त्याच दिवशी, जेवणानंतर

आज ठेचा केला होता. रेवा ठेच्याला हात लावत नाही. आज खाल्ला. सगळा. परत मागितला. भात मागितला, परत भात, पातेलं खरवडून.

माझ्या ताटात डावीकडे ठेचा तसाच राहिला. ताट उचलताना कळलं. आज कोणी माझी हनुवटी वळवली नाही.

पैंजण कुठे विचारलं. काढून दप्तरात ठेवले म्हणाली. दप्तरात नाहीत. ऑटोत वाजले होते का? ऑटोचा आवाज. आठवत नाही. व्हरांड्यात, कुलूप लावताना — आत वाजत होते. दारावर हात आपटत होते आणि खाली पैंजण —

नाही. केयूर म्हणतो तसं हे. आपलं माणूस परकं वाटतं. तेच.

केयूरला फोन केला. तिच्याशी बोलला. म्हणाला रेवाच आहे गं, छान बोलते आहे. तू गोळी घे आणि पड.

नंतर

बायनाबाईंचा फोन. खबर द्यायला केला म्हणाल्या. नीट गेलात ना? दिवाळीचे आवाज सुरू झालेत शाळेत. पण अवंदा काही निराळंच हाय बाई. रडणं दर सालचं. पैंजण कधी वाजले न्हवते. अवंदा पैंजण वाजायलेत.

मी ओरडले की ती रेवा आहे, माझी रेवा, दार तोडा. त्यांनी विचारलं मग तुमच्याजवळ कोण हाय? उजवीकडून फोनजवळ तोंड आलं. म्हणाली, मी इथंच आहे, आईजवळ.

बायनाबाई म्हणाल्या, बघा, लेकरू तुमच्याजवळ हाय. तुमाला ती फसवायलीय. ओ देऊ नका. फोन ठेवला. परत उचलत नाहीत. कोणी उघडणार नाही. वस्तीवरचं कोणी त्या दाराला हात लावणार नाही, सुट्टी संपेपर्यंत.

भागवत सरांचा फोन बंद. केयूर — केयूर म्हणतो निघालो, तोवर कुठे जाऊ नकोस. परभणीहून यायला — 

किल्ली माझ्याजवळ आहे. मीच जायचं.

दार सापडत नाही.

उठले, वळले, पलंग. परत वळले, खिडकी, कपाट, पलंग. उजवीकडे उजवीकडे फिरत परत पलंगाशी. दार डावीकडे आहे. किल्ली दारामागच्या खिळ्याला. शेजारणीला हाक मारली, तर माझ्याआधी हीच ओरडून सांगते, काही नाही काकू, आई दमली आहे.

सर म्हणाले होते आधी लिहा. लिहिते. मन ताळ्यावर. दार डावीकडे. खिळा डावीकडे. रेवा डावीकडे होती, टेबल पुसताना, ती डावीकडे होती, पणत्या उचलू लागत होती मला, आणि मी बघितलं नाही. नजर फिरवली आणि कुलूप —

मान वळवायची. लाल दोरा दिसेपर्यंत. मनगट दिसत नाही. अजून थोडी —

ती शेजारी येऊन बसली आहे. विचारते काय लिहितेस. मी सांगितलं, चल, आपण शाळेत जाऊ. म्हणाली, मी नाही जाणार. मी खूप दिवस होते तिथं.

बाळा तुझी चूक नाही. पण माझी लेक —

रेवा. पेटीमागे बसू नको. झोपू नको. दाराशी ये, आई येते आहे. आई ओ देते आहे, ऐकू येतंय का, ओ, ओ —

दोरा दिसला. दिसला. पलीकडे दाराची कड. अजून थोडी —

हनुवटीला दोन तळवे. गार. अलगद, रेवा धरते तसेच. मान वळते आहे, नको, उजवीक —